हिराजीची न पुजलेली पाचवी

बसा बाबांनो, बसा. गो बायांनो, तुम्ही पण पुढं सरका, मागं पत्र्याची झळ लागतेय. मी काही दोन वाक्यांत आटपणारी बाई नाय, हे इथल्या निम्म्या माणसांना ठाऊक हाय. उरलेल्यांना आता कळेल.

एवढ्या माणसांपुढं मी जन्मात बोललेली नाय. माझी शाळा पहिलीपर्यंत, तीही पुरी नाय. मघाशी सरपंच बोलले, कारखान्याचे शेठ बोलले, किती छान बोलले. कै. हिराजी म्हणाले, कष्टाळू म्हणाले, मितभाषी म्हणाले. हिराजी इथं असता तर त्यानं मला कोपरानं ढोसलं असतं. "ताय, हे कोणाबद्दल बोलतायत गो?"

हिराजी माझा भाऊ. आम्ही तिघं. मी थोरली, मधला हिराजी, आणि तो तिथं खांबाला टेकून खाली मान घालून बसलाय तो जना, सगळ्यांत धाकटा. आमचं घर खाडीकाठचं, बाप मिठागरात कामाला. मला दिली रोह्याला, आता वरसेला लेकाच्या बिल्डिंगीत राहते. तिसरा मजला हाय, लिफ्ट हाय, पण ती कधी चालू कधी बंद. असू दे, ते नंतर.

ही सभा इथं हमरापूरला, गणपतीच्या कारखान्यात ठेवलीत, फार बरं केलंत. हे सगळे पांढरे गणपती आजूबाजूला बसलेत, अजून रंग नाय, डोळे नाय, पण ऐकतायत असं वाटतंय. मागच्या त्या पडवीत हिराजीचं सगळं आयुष्य गेलं. तिथं त्याचा पाण्याचा पिंप अजून हाय. मघाशी मी जाऊन त्यात हात घालून आले.

आता एक गोष्ट आधीच सांगते, नायतर मला पुढचं बोलता येणार नाय. मी इथं रडायला उभी हाय आणि मी मनातून हसतेय. खरं सांगते. भावाच्या फोटोपुढं उभी राहून मला आनंद होतोय, आणि त्या आनंदाची मला लाज वाटतेय. अशी बाई तुम्ही बघितलीत का कुठं?

कारण ती तिथं बसलीय. माझी सून, सुवर्णा. तिच्या मांडीवर पदराखाली जे हाय, तिकडं तुम्ही सगळे मघापासून बघताय. चोरून बघताय. बघा, बघा, मी काय बोलत नाय. ती माझी नात. माझ्या मंगेशची पोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवस झाले, डॉक्टर झाले, आणि आता ती आली. तिला उचकी लागली ना, की डावी मूठ वळते. नुसती डावी. मी दिवसभर तेवढंच बघत बसते.

आणि तिची कातडी हिराजीसारखी हाय.

हां. आता चोरून नाय, सरळ बघताय.

*

हिराजी झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला आठवतंय. आईच्या खोलीबाहेर मी बसलेली, आणि सुईण बाहेर आली ती हात धूत बसली. पुन्हा पुन्हा धूत बसली. पोराच्या अंगाला जणू पातळ चकचकीत कागद घट्ट चिकटवलाय. पापण्या उलट्या वळलेल्या, ओठ ताणलेले, तोंड मिटत नाय, दूध ओढता येत नाय. आई कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडात पिळायची. मग तो कागद फाटला, आणि खाली सगळ्या अंगावर खवले. माशाचे असतात तसे, पण काळपट आणि कोरडे.

सुईण म्हणाली, दोन दिवसांचा पाहुणा हाय.

आता पाचवी म्हणजे काय ते या मुंबईहून आलेल्या पोरांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. बाळ झालं की पाचव्या दिवशी सांजेला सटवाईची पूजा. पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा लावायचा, नारळ ठेवायचा. आणि बाळाजवळ कोरा कागद नि लिहायला काहीतरी. सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर त्याचं सगळं आयुष्य लिहून जाते, असं म्हणतात. आमच्या घरात माझी पुजली, पुढं जनाची पुजली. हिराजीची नाय पुजली. पाचव्या दिवशी नारळ आणलेला होता, तो आजोबांनी उचलून आत दिला. म्हणाले, "राहणारं पोर नाय. नारळ कशाला फुकट घालवायचा?"

त्या नारळाचं कालवण झालं. मी दोनदा वाढून घेतलं.

पुढं हिराजी याच्यावर हसायचा. त्याला कोणीतरी सांगितलंच ते, गावात असलं काही लपत नाय. तो म्हणायचा, "ताय, माझ्या कपाळावर कोणी काय लिवलंच नाय. मग यम आला तरी तारीख कुठं वाचणार? बघेल, कपाळ कोरं, जाईल परत." असं म्हणत म्हणत सत्तरीला पोचला. सुईण गेली, आजोबा गेले, ज्यांनी ज्यांनी मान हलवली ते सगळे गेले, आणि हा मागच्या पडवीत बसून गणपती घासतोय.

सोपं नव्हतं हो. तुम्हाला नुसतं दिसायचं, त्याला भोगायचं होतं. त्याला घाम येत नसे. कातडीतून घामाला वाटच नाय. आपण उन्हातून आलो की भिजतो आणि गार होतो, हा आतल्या आत तापायचा, चुलीवरच्या तव्यासारखा. चैत्र-वैशाखात आई त्याला तळ्यात बसवून ठेवायची, गळ्यापर्यंत. खाडीत नाय, खाऱ्या पाण्यानं भेगा चरचरायच्या. मिठागरवाल्याचा पोर आणि मिठाच्या वाऱ्यावर उभा राहू शकत नाय, बापाला याचंच दुःख जास्त. झोपला तरी डोळे पुरते मिटत नसत. पोरं भ्यायची. खवल्या म्हणायची, सुसर म्हणायची. मोठी माणसं काही म्हणायची नायत, नुसती सरकून बसायची.

आणि आई. आईला सगळ्यांनी सांगितलं, तू पोटुशी असताना ग्रहणात मासळी चिरलीस म्हणून पोराला खवले आले. कोणी बघितलं होतं? कोणी नाय. आईला स्वतःला तरी आठवत होतं का? तेही नाय. पण तिनं मानलं. खाडीकाठचं घर, दोन्ही वेळा मासळी, आणि त्या बाईनं मरेपर्यंत मासळीला हात लावला नाय. जना तिला चिडवायचा, "आये, तू बामणीण झालीस." ती हसायची. पण खायची नाय.

या कारखान्यात तो आला कसा, ते शेठ बोलले नायत, कारण तेव्हा ते लंगोटीत होते. त्यांच्या आजीनं आणलं त्याला. ती आमच्याकडं मीठ घ्यायला यायची. एकदा तिनं हिराजीचा तळवा हातात धरला, उलटा केला, अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "अरे, हा तर पॉलिश पेपर हाय! येतोस का कामाला?" आम्ही सगळे चपापलो. आणि हिराजी इतका हसला, इतका हसला. कारण जन्मात पहिल्यांदा परक्या माणसानं आपणहून हात धरला होता.

तेव्हापासून इथं. वाळलेली मूर्ती यायची, हा तिचं पोट, सोंड, कान तळव्यानं घासून गुळगुळीत करायचा. कागद लागायचाच नाय. आणि मागच्या पडवीत का? खरं ते बोलू. शेठ, राग धरू नका. गिऱ्हाईक पुढं यायचं. गिऱ्हाइकानं बघितलं असतं तर म्हणालं असतं, याला काय रोग हाय, याचा हात लागलेला देव मी नेत नाय. म्हणून हा मागं. पिंपातलं पाणी डोक्यावर ओतत, ओलं फडकं गळ्यात. पण मी तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत इथून जेवढे गणपती लोकांच्या घरी गेले, त्यांच्या अंगावरून हिराजीचा हात फिरून मग गेले. लोकांनी दहा दिवस त्यांच्या पाया पडून घेतलं. त्याला कोण शिवलं नाय, आणि तो सगळ्यांच्या घरी जाऊन आला.

मी काय करायची? मी भाऊबीजेला यायची. त्याला पाटावर बसवून तेल लावायची, डोक्यापासून पायापर्यंत. घरी गेले की सासू म्हणायची, आधी अंघोळ कर, मग चुलीकडं ये. मी करायची. त्याला ते ठाऊक होतं का? होतं. एकदा म्हणाला, "ताय, परत जाऊन दोन अंघोळी पडतात ना तुला? थंडीचे दिवस, गरम पाणी घेत जा हं." एवढंच. मला मेल्यासारखं झालं.

*

आता माझ्या नातीचं.

मंगेश माझा उशिरा झालेला लेक. त्याला मुलगी बघायची वेळ आली तेव्हा मीच हट्ट धरला. मामाची पोर असताना बाहेर कशाला बघायचं? जनाची सुवर्णा. लहानपणापासून डोळ्यासमोरची, हसरी, मला आत्या म्हणणारी. जना म्हणाला, ताय, विचार कर. मी म्हटलं, कसला विचार? माझ्या माहेरची पोर माझ्या घरात येतेय, याच्यापेक्षा मोठं सुख कुठलं?

पोर झाली. दवाखान्यात मला काचेतून दाखवली. पेटीत ठेवलेली, अंगाला नळ्या, आणि तोच चकचकीत कागद. तीच कातडी. डॉक्टरीण बाई चांगली होती, तिनं मला खुर्चीत बसवून समजावलं. म्हणाली, आजी, ग्रहणाबिहणाचं काय नसतं. हे रक्तातून येतं. आई आणि बाप दोघांच्या रक्तात लपलेलं असेल तरच पोरात दिसतं. नात्यातलं लग्न असलं की दोघांत असायची शक्यता जास्त.

एवढं ऐकलं आणि मला पहिली कोण आठवली, सांगा. आई. म्हटलं, आये, तुझं ग्रहण सुटलं गो. इतक्या वर्षांनी सुटलं. तू काही केलं नव्हतंस. खाल्ली असतीस मासळी तर काय बिघडलं नसतं.

आणि तिचं सुटलं ते मला लागलं. मामाची पोर कोणी आणली? मी.

तिथून पुढं मी जे केलं ते तुम्हाला सांगायला माझी जीभ अडतेय, पण सांगते, कारण ते आमच्या घरातच ठाऊक हाय, आणि घरातच ठेवलं तर कुजेल. पोर घरी आली. सुवर्णा म्हणाली, "आत्या, दवाखान्यात पाचवी राहिली. आता करू या ना." आणि मी म्हटलं, "घाई काय हाय? जरा राहतेय का बघू."

मी म्हटलं हे! हिराजीची थोरली बहीण. जिनं सत्तर वर्षं बघितलं, की ज्याची पाचवी पुजली नाय तो जगतो, हसतो, कमावतो. मी म्हटलं, राहतेय का बघू. आणि दार लावून घेतलं. शेजारच्या बायका आल्या तर सांगायची, पोर झोपलीय. दर वेळी झोपलीय. एक म्हणाली, "काकू, तुमची नात उठते कधी?"

मग हिराजीचा फोन. तो मोबाइल कानाला नाय, तोंडापुढं धरून ओरडायचा. "ताय! पाचवी पुजली का?"

"अरे, दवाखान्यात कशी पुजणार?"

"घरी आलात ना आता?"

"आलोय. पण जरा बघू म्हटलं. राहतेय का."

मला वाटलं रेंज गेली. मग हळूच म्हणाला, जन्मात कधी हळू न बोलणारा माणूस, "ताय, माझं पण अजून बघतायच ना तुम्ही?"

आणि ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडते तर हा. वैशाखातलं ऊन, आणि हा पेणहून एसटीनं आलेला, वरसेच्या नाक्यापासून चालत. डोक्यावर ओला टॉवेल, सदरा निथळतोय, हातात पिशवी. लिफ्ट बंद होती त्या दिवशी. तीन जिने चढून आला. धापा टाकतोय आणि हसतोय. म्हणाला, कंडक्टर भांडला. "आजोबा, सीट भिजवली तुम्ही." तर हा त्याला म्हणाला, "बाळा, मी वाळलो तर तुझ्या गाडीतच मरेन, मग बस पंचनाम्याला. त्यापेक्षा सीट पूस."

मी म्हटलं, "हिरा, या उन्हात कशाला आलास रे?"

तर म्हणतो, "पाटा कुठं हाय?"

आमच्याकडं कुठला पाटा? मिक्सर हाय. मी म्हटलं, राहू दे, बस, पाणी ओत अंगावर. हा कुठला बसतोय. निघाला तो शेजारच्या दाराला. मी मागून, "अरे नको, अरे नको!" तोवर यानं बेल दाबली. बाईनं दार उघडलं, याला बघितलं, दोन पावलं मागं सरली. हा म्हणतो, "ताय, आमच्याकडं पोरगी झालीय, आज पाचवी हाय. पाटा-वरवंटा असला तर द्या, आणि सांजेला या." ती बाई म्हणाली, "पाचवी? अहो, पण पोर तर महिन्याची झाली." हा म्हणतो, "सटवाईला उशीर झाला. गाडी चुकली असेल."

ती बाई हसली. काय करणार? हसलीच. हा पुढच्या दाराला, मग खाली, मग वर. सगळ्या बिल्डिंगीत ओला फिरला, जिन्यावर त्याच्या पायांचे ठसे. जे मी इतके दिवस झाकून ठेवलं ते यानं एका दुपारी दारोदार जाऊन सांगितलं. पाटा कोणाकडंच नव्हता, शेवटी तळमजल्याच्या म्हातारीकडं सापडला, कुंडीखाली ठेवलेला.

सांजेला बायका आल्या. याचं काय ते बघायला आल्या म्हणा ना. यानं स्वतः पूजा मांडली. नारळ पिशवीतून काढला, आणलेला होता. आणि कागदाजवळ पेन ठेवायचं तर यानं मूर्तीवरची धूळ झाडायचा आपला जुना ब्रश ठेवला. मंगेश म्हणाला, "मामा, पेन देतो ना." तर म्हणाला, "नको रे. पेनानं लिवलेलं खोडता येत नाय. ब्रशनं मारलेलं पुसून परत मारता येतं. सटवाईला पण सोय नको का?"

मग सुवर्णानं पोर उचलली आणि सरळ त्याच्या मांडीवर ठेवली. कोणाला विचारलं नाय. मला तर नायच. "मोठे काका, हिला कसं सांभाळू ते सांगा."

माझ्या भावानं सत्तर वर्षांत तान्हं पोर मांडीवर घेतलं नव्हतं. कोणी दिलंच नव्हतं. जनाला पण नाय, सुवर्णाला पण नाय, माझा मंगेश पण मी त्याच्याकडं दिला नव्हता, दुरून दाखवला होता. हात हवेत धरून बसला, जशी ओली मूर्ती कोणी अंगावर ठेवलीय. मग तिच्या पायावरून बोट फिरवलं. उलटं फिरवलं. आणि म्हणाला, "ताय, इकडं ये गो. बघ. माझ्यासारखं दुसरं कोणी मी जन्मात बघितलं नव्हतं."

रडत होता की डोळे तसेच वाहत होते, ते मला सांगता येणार नाय, त्याचे डोळे नेहमीच वाहायचे. पण तोंड हसत होतं.

सुवर्णाला त्यानं सगळं सांगितलं. कोमट पाणी, कढत नाय. अंग ओलं असतानाच तेल, वाळल्यावर लावून उपयोग नाय. डॉक्टरनं दिलेली मलमं चुकवायची नाय. उन्हात न्यायची नाय, न्यावीच लागली तर ओलं फडकं. शेवटी म्हणाला, "हिला वाळू देऊ नको, एवढं बघ. बाकी ती पोर हाय. पोरासारखी वाढव."

निघताना जिन्यात मी त्याचा हात धरला. म्हटलं, "हिरा, मामाची पोर मीच आणली रे. माझ्यामुळं झालं."

तर म्हणाला, "तू आणली नसतीस तर ही आली नसती. मग मी कोणाला बघितलं असतं? तू गप बस. तिच्याजवळ जा."

*

तो परत गेला आणि ताप आला. मग छाती भरली. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, उन्हाचंच म्हणता येणार नाय. डॉक्टर चांगलं म्हणाले. पण मला ठाऊक हाय, वैशाखात जो माणूस पिंपापासून हलत नसे, तो एसटीत बसला, तीन जिने चढला, दारोदार फिरला. कशासाठी? मी जो नारळ वाढवला नाय, तो वाढवायला.

त्याला शेवटची अंघोळ घातली तेव्हा गावातली माणसं, कारखान्यातली माणसं सगळी पुढं आली. तेल लावलं. इतके हात होते त्याच्या अंगावर, की मला मध्ये जागा मिळेना. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, याच्यातले थोडे आधी लागले असते तर. तुम्हाला बोलत नाय हो मी. माझे हात पण त्याच्यातच हायत. वर्षातून एकदा लागायचे आणि घरी जाऊन धुवायचे.

आणि तिथंच जना मला म्हणाला, "ताय, तू तिथं एक नारळ फोडला असतास तर हा घरातून निघाला नसता." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाय. आजपर्यंत नाय.

जना, वर बघ. मी भांडायला उभी नाय. तू बोललास ते खरं हाय. आजोबांनी केलं ते अडाणीपणानं केलं, मी सगळं बघून केलं. ते माझ्याजवळ राहील, मी मरेपर्यंत राहील, आणि कोणी काढून घ्यायला येऊ नका. पण जना, एक सांगू? तू पण अजून पोरीला मांडीवर घेतली नायस. तुझ्या लेकीची लेक. दवाखान्यात काचेतून बघितलीस, मग हिराजी आजारी, मग हे दिवस. कामात होतास, मला ठाऊक हाय. मी पण कामातच होते. पोर झोपलीय, असं सांगायच्या कामात.

आता मी आटपते. खरंच आटपते.

मी मघाशी म्हटलं मी मनातून हसतेय. का हसतेय ते आता कळलं ना? माझी नात रोज सकाळी तेल लावलं की चमकते, आणि मी तिच्यात माझा भाऊ बघते, आणि मला भीती वाटत नाय. तो सत्तरीपर्यंत जगला, तेही नुसत्या खोबरेलावर नि पिंपाच्या पाण्यावर. हिला तर डॉक्टर हायत, मलमं हायत, पंखा हाय. ही का नाय जगणार? हे सुख मला भावाच्या जिवावर मिळालंय. त्याची लाज वाटते, आणि तरी ते सुटत नाय. दोन्ही एकदम होतं. तुमचं कधी झालंय का असं?

सुवर्णा, पदर काढ गो. काढ. बघू दे सगळ्यांना.

त्या दाराशी स्टुलावर मी खोबरेलाची वाटी ठेवलीय. जाताना हात धुवा, बोट बुडवा, आणि पोरीच्या पायाला लावून जा. हळू लावा, नवी कातडी हाय. ज्याला नको वाटेल त्यानं सरळ चपला घालाव्या, मी राग धरणार नाय. पण मी तिथंच उभी असणार, एवढं ध्यानात ठेवा. पहिलं बोट जनाचं.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कोणी बोलू नका. पोर रडली तर रडू दे, तिला गप्प करायचं नाय, हिराजीला तेवढा आवाज चालेल. आणि मग मी हा नारळ फोडणार हाय. त्याच्या फोटोपुढं सकाळपासून ठेवलाय, तुम्हाला वाटलं असेल असाच ठेवलाय.

हिरा, हा तुझा रे. तुझ्या पाचवीचा. त्या दिवशी आम्ही खाऊन टाकला होता. फार उशीर झाला बाबा. गाडी चुकली असं समज.